ट्रान्सपरंट एलसीडीत वायरिंगची चंदेरी जाळी दिसतेय, कशी घालवू?

शोकेसवाला_कुपवाड

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागणार आहे पण वाचा, कारण शेठजींनी दसऱ्यापर्यंत मुदत दिलीय आणि माझं डोकं चालायचं बंद झालंय.

कुपवाड एमआयडीसीत माझं छोटं युनिट आहे, ॲक्रेलिक, एसीपी (ॲल्युमिनियमचं पत्रा-प्लास्टिक शीट), काचेची काउंटरं, दुकानाचे बोर्ड असली कामं. सांगलीत सराफ कट्ट्याजवळच्या एका पेढीचं काम घेतलंय. काम असं की दीड फूट खोल पेटी, आतून पांढरा सनमायका, चारी कडांना एलईडी पट्ट्या, आत मखमली स्टँडवर कोल्हापुरी साज, आणि पेटीच्या तोंडाला साध्या काचेऐवजी ४३ इंची ट्रान्सपरंट एलसीडी. म्हणजे गिऱ्हाइकाला साज पण दिसतो आणि त्याच्यावरनं फुलं पडतात, आजचा भाव येतो, सगळं चित्र. पॅनल पुण्याच्या एका डीलरकडून आणलं, ड्रायव्हर बोर्डासकट.

वर्कशॉपमध्ये संध्याकाळी लावून बघितलं तेव्हा नाद खुळा दिसत होतं. दुकानात बसवलं, वरचे लाइट लावले आणि झालं कल्याण. अख्ख्या पॅनलवर बारीक चंदेरी जाळी, मच्छरदाणीवर ऊन पडल्यावर दिसते तशी, आणि साज मागं धुरकट. जिथं स्पॉटलाइटचं प्रतिबिंब पडतं तिथं तर अधिकच्या चिन्हासारखी रंगीत शेपटं, आडवी आणि उभी. शेठजी म्हणले, "पाव्हणं, मला सोनं विकायचंय, चांदी नव्हं."

गाडीला लावतात ती सनफिल्म एका कोपऱ्यात चिकटवून बघितली, जाळी कमी झाली पण साज पण अंधारात गेला. डीलरला फोन केला तर तो म्हणतो वायरिंगचं रिफ्लेक्शन आहे, सगळ्याच पॅनलला असतं, त्याला काय करणार. तर प्रश्न असा की ही वायरिंग काळी करायचा काही स्प्रे, फिल्म, कोटिंग मिळतं का? आणि माझ्या घरच्या टीव्हीत पण वायरिंग असणारच की, मग तिथं का दिसत नाही?

आधी_भडंग

पुढं एआर काच, म्हणजे अँटी-रिफ्लेक्शन काच लाव भावा, म्युझियममध्ये फोटोवर लावतात तसली. चष्म्याला कोटिंग असतं तेच. विषय कट. दसऱ्याला साज बघायला येतो, जाळीसकट घेतला तर घडणावळ सोडा म्हणावं शेठजींना.

टीव्ही_पोवईनाका

एआर काचेनं काचेची चमक जाईल हो, वायर काचेच्या आत हाय तिचं काय? दोन काचांच्या मधी. स्प्रे तिथवर पोचायचा न्हाई, फिल्म पण न्हाई.

दादा, मी साताऱ्यात पोवई नाक्यावर टीव्ही पॅनलचं बाँडिंगचं, म्हणजे काचेला वायरच्या पट्ट्या चिकटवायचं काम करतो, रोज पॅनल उघडीच बघतो. मला एक सांगा, पहिल्या दिवशी चालू केलं तेव्हा अक्षरं उलटी आलती का? आरशात दिसत्यात तशी? आणि मग तुमी बोर्डाच्या मेनूत जाऊन मिरर केलं का?

मी का विचारतोय ते सांगतो. पॅनलच्या दोन काचा असत्यात. एका काचेवर ट्रान्झिस्टर आणि सगळी वायरिंग, तिला आमी टीएफटी काच म्हणतो. दुसरीवर लाल-हिरवं-निळं फिल्टर आणि त्यांच्या मधी काळी जाळी, ब्लॅक मॅट्रिक्स. ही काळी जाळी बरोबर वायरींच्या समोर येती, म्हणून फिल्टरच्या बाजूनं बघितलं तर वायर झाकलेली असती. मागनं बघितलं तर सगळी उघडी. तुमचं वर्णन वाचून मला तर वाटतंय तुमी पॅनल उलटं बसवलंय.

खात्री करायची तर कडेला बघा. ज्या काचेला फ्लेक्स, म्हणजे वायरच्या चपट्या लवचिक पट्ट्या, चिकटलेत ती काच दुसरीपेक्षा थोडी बाहेर आलेली असती, पायरीसारखी. ती टीएफटी काच. ती गिऱ्हाइकाकडं आली असली तर तिथंच घोळ हाय. आणि तुमी सराफाच्याच दुकानात हाय की, हिरे बघायचं दहा पटीचं भिंग घ्या आणि पॅनलवर टेकवून बघा. काळी जाळी दिसली तर बाजू बरोबर, चांदीच्या तारा दिसल्या तर उलटी.

निवृत्त_फिजिक्स

पोवई नाक्यांनी बरोबर जागी बोट ठेवलंय. थोडं गणित मांडते, म्हणजे एआर काचेवर उगाच पैसे जाणार नाहीत.

हवेतून काचेवर प्रकाश सरळ पडला की साधारण ४ टक्के परततो. चकचकीत ॲल्युमिनियमवर पडला की ९० टक्क्यांच्या आसपास परततो. आता समजा पॅनलच्या क्षेत्रफळात शंभरातले १५ भाग वायरिंगचे आहेत, हा आकडा मी फक्त उदाहरणाला घेतलाय, तर १३-१४ टक्के प्रकाश वायरवरून परत निघाला. पण वायरपर्यंत जाताना वाटेत पोलरायझर आहे, म्हणजे एकाच दिशेने थरथरणारा प्रकाश पार करणारी फिल्म, तो दुकानातल्या प्रकाशाचा निम्म्याहून जास्त भाग गिळतो आणि परत येताना आणखी थोडा. पदरात पडतो पाच टक्क्यांच्या घरात. म्हणजे नुसती वायरिंगच काचेच्या एका पृष्ठभागापेक्षा जास्त चमकते. एआर कोटिंग त्या ४ टक्क्यांवर चालतं, या ५ वर नाही. शिवाय आधी_भडंग म्हणतात तशी काच पुढे नुसती उभी केली आणि मधे हवेची फट राहिली तर आणखी दोन पृष्ठभाग वाढतात. पारदर्शक डिंकाने फट भरून काच जोडली, ज्याला ऑप्टिकल बाँडिंग म्हणतात, तर गोष्ट वेगळी, पण ४३ इंचाला एक बुडबुडा राहिला तरी गेलं काम.

आणि हे पाच टक्के किरकोळ वाटतील, पण पलीकडून साजाचा प्रकाश किती येतो तेही बघा. पोलरायझर, रंगाचे फिल्टर आणि पिक्सेलचा झाकलेला भाग, सगळं मिळून रंगीत पॅनलमधून दहा टक्क्यांच्या आसपासच प्रकाश पार होतो. म्हणजे बघायची वस्तू दहा आणि तिच्यावर झाकण पाचचं. धुरकट दिसणारच. सनफिल्ममुळे दोन्ही कमी झाले, म्हणून तुमची जाळीही गेली आणि साजही.

घरच्या टीव्हीत वायरिंग मागच्या बाजूला असते आणि मागे फक्त बॅकलाइट. तिथे तर ती चमकलेली फायद्याचीच, कारण वायरवर आपटून परत गेलेला प्रकाश मागच्या पांढऱ्या शीटवर पडतो आणि पुन्हा पुढे येतो, वाया जात नाही. म्हणून ती बाजू काळी करायच्या भानगडीत टीव्ही बनवणारे सहसा पडत नाहीत.

चमक नेमकी कुठली आहे हे तपासायचं असेल तर एक सोपा प्रयोग. पेटीतले दिवे बंद, पॅनल बंद, फक्त दुकानातले दिवे चालू. पोलराइज्ड गॉगल घ्या, समोर सरळ उभे राहा आणि गॉगल डोळ्यासमोर गोल फिरवा. जी चमक फिरवताना काळी पडते ती आतून, पोलरायझरमधून बाहेर आलेली. जी तशीच राहते ती वरच्या पृष्ठभागाची.

शोकेसवाला_कुपवाड

मॅडम, टीव्हीवाले दादा, दोघांच्या पाया पडतो.

अक्षरं उलटीच आलती!! माझ्या पोरानं मेनूत शोधून मिरर केलं, आम्ही त्याला शाबासकी दिली आणि वर भेळ खायला घातली. उलटं का बसवलं ते पण सांगतो, हसू नका. एक बाजू किंचित मॅट होती आणि एक काचेसारखी चकचकीत, मला वाटलं चकचकीत ती पुढची. आणि दुसरं म्हणजे तसंच बसवल्यावर फ्लेक्स आणि पट्टी बोर्ड फ्रेमच्या खाचेत बरोबर बसत होते, मी म्हणलं कंपनीनं विचार करूनच केलं असणार.

आज सकाळी शेठजींचं भिंग घेऊन बघितलं. नुसत्या चांदीच्या तारा, ओळीनं, एकदम सुबक. मागनं बघितलं तर काळीभोर जाळी. गॉगलचा प्रयोग पण केला, जाळी जवळजवळ गायब होते आणि वर ट्यूबचं फिकट प्रतिबिंब तेवढं राहतं. शेठजींनी पण गॉगल फिरवून बघितला, मग दुकानातल्या चार पोरांनी, मग एका गिऱ्हाइकानं. तासभर कुणी सोनं विकलं नाही.

आता फ्रेम परत कापावी लागणार. पण एक विचारायचंय, शेठजींनी चांदीचा विषय काढला तेव्हा डोक्यात आलं, ऑक्सिडाइज्ड चांदीचे दागिने असतात की नाही, मुद्दाम काळे केलेले, तशी ही वायर कंपनीतच काळी का करत नाहीत?

निवृत्त_फिजिक्स

करतात! तुमचं डोकं बंद वगैरे काही पडलेलं नाही.

फक्त सोनाराचं ऑक्सिडाइज्ड हे नावालाच, तिथे चांदीवर सल्फाइडचा काळा थर चढवतात. पॅनलमध्ये खरंच ऑक्साइड वापरतात. ज्या पॅनलची मागची बाजूही लोकांसमोर येणार आहे त्यात धातूच्या तारेला काळसर थराची जोड देतात, मॉलिब्डेनमचं ऑक्साइड किंवा तसलंच काही. थर दोन कामं करतो. एक तर तो स्वतः थोडा प्रकाश शोषतो. दुसरं काम जास्त मजेचं. थराच्या वरून परतलेली लाट आणि थरातून आत जाऊन धातूवरून परतलेली लाट यांच्यात अर्ध्या लाटेचा फरक पडेल अशी जाडी ठेवायची, म्हणजे एकीचा माथा दुसरीच्या खळग्यावर येतो आणि दोघी एकमेकींना मारतात. थराचा अपवर्तनांक, म्हणजे थरात लाट किती पट आखूड होते तो आकडा, २ धरला आणि हिरवा प्रकाश ५५० नॅनोमीटरचा, तर जाऊन-येऊन अर्धी लाट म्हणजे जाडी पाव लाटेची, म्हणून ५५० भागिले (४ गुणिले २), म्हणजे ८, जाडी ६९ नॅनोमीटरच्या आसपास. आपल्या केसाच्या जाडीचा हजारावा भाग म्हणा. धातूवर परततानाही लाट थोडी सरकते म्हणून प्रत्यक्षात जाडी कमी-जास्त करून जुळवावी लागते. आणि ती हिरव्याला जुळवली की लाल-निळा थोडा उरतो, म्हणून कॅमेऱ्याच्या भिंगावर जशी जांभळट झाक दिसते तशी झाक इथेही येऊ शकते.

यात एक गोम आहे. हा थर कुठल्या बाजूला द्यायचा हे बघणारा कुठे उभा आहे त्यावर ठरतं. टीएफटी काचेच्या बाजूने बघायचं असेल तर काळा थर आधी काचेवर, त्यावर धातू. समोरून बघायचं तर आधी धातू आणि वर काळा थर. म्हणजे सगळा खेळ काच तयार होतानाच व्हायला हवा, निर्वात पेटीत. नंतर कुणी काही करू शकत नाही.

पूर्वी समोरची काळी जाळीसुद्धा क्रोमियमची असायची, तीही चमकायची, मग तिलाही क्रोमियम ऑक्साइडचा थर द्यायचे. पुढे कार्बन घातलेलं काळं रेझिन आलं.

राहवत नाही म्हणून सांगते. १८८६ साली लॉर्ड रॅले यांच्या लक्षात आलं की जुनी, डाग धरलेली काच नव्या स्वच्छ काचेपेक्षा जास्त प्रकाश पार करते, कारण तो डाग म्हणजे पातळ थर, आणि त्याने परावर्तन कमी होतं. मुद्दाम असा थर चढवायची पद्धत १९३५ मध्ये त्साइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी बसवली. दर वर्षी वर्गात हे सांगायचे आणि दर वर्षी मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणायचं, मग बाई खिडक्या पुसायच्याच कशाला.

आधी_भडंग

मागच्या बाकावर मीच असणार.

पण एक डाऊट खराखुरा आहे. माझ्या मोबाइलची एमोलेड स्क्रीन बंद असली की कोळशासारखी काळी असते, तिच्यात पण धातू आहेच की. तिथं कसं जमतं? तीच फिल्म इथं लावली तर?

निवृत्त_फिजिक्स

तिथे वर्तुळाकार पोलरायझर असतो. साधा पोलरायझर आणि त्याच्याखाली पाव लाटेची फिल्म. आत जाणारा प्रकाश मळसूत्रासारखा एका दिशेने फिरत जातो, धातूवर आपटला की त्याची फिरायची दिशा उलटते, आणि परत येताना पोलरायझर त्याला दारातच अडवतो. फार सुंदर युक्ती आहे. पण ओएलईडी (तुमचं एमोलेड त्यातलंच) स्वतः प्रकाश देतं, त्याला बाकी काही पडलेलं नसतं. एलसीडीचं अख्खं चित्रच पोलराइज्ड प्रकाश वळवण्यावर उभं आहे, मधे अशी फिल्म घुसवली तर चित्र बिघडतं, ते सावरायला आतून दुसऱ्या फिल्म जुळवाव्या लागतात. आणि पॅनलच्या बाहेरून चिकटवली तर तिच्या आणि वायरच्या मधे पॅनलचा स्वतःचा पोलरायझर येतो, मग युक्ती चालतच नाही, वर आणखी अंधार.

शोकेसवाला_कुपवाड

अपडेट. रविवारी दुकान बंद ठेवून पॅनल फिरवलं. फ्लेक्सला जागा करायला फ्रेम वरनं १२ मिलिमीटर कापली, बोर्ड पेटीच्या डोक्यावर घेतला, त्याला पत्र्याचं झाकण. मेनूतलं मिरर काढलं. आणि काय सांगू, पुढनं एकदम स्वच्छ! साज असा दिसतोय की शेठजींच्या आईंनी आत हात घालायला बघितला. मॅट बाजू पुढं आल्यामुळं ट्यूबचं प्रतिबिंब पण पसरट आणि फिकट झालंय. स्पॉटलाइटची शेपटं पूर्ण गेली नाहीत पण लय कमी.

आता दुसरं लफडं. पेटीच्या मागं काचेचं दार आहे, तिथनं साज आत ठेवतात, आणि शेठजींची गादी बरोबर त्या दारासमोर. त्यांना गादीवर बसून दारातनं आणि पॅनलमधनं गिऱ्हाईक दिसायला पाहिजे, ही अट पहिल्यापासनं होती. आता चांदीची जाळी त्यांच्या बाजूला गेली आणि पेटीतल्या एलईडी पट्ट्या तिच्यात लखलखतायत. म्हणतात, "तुझं रिफ्लेक्शन गिऱ्हाइकाच्या डोळ्यातनं काढून माझ्या डोळ्यात घातलंस."

टीव्ही_पोवईनाका

हाहाहा. शेठजी चुकीचं बोलत न्हाईत.

आता ती बाजू उघडीच राहणार, पॅनल तसंच हाय. पण बघा, जाळी चमकती ती पट्टीच्या उजेडानं. आरशात काय दिसतंय ते तुमच्या हातात हाय. गादीवर स्वतः बसा, पोराला एक छोटा आरसा पॅनलच्या मागच्या अंगाला धरायला सांगा आणि वरखाली सरकवायला लावा, ज्या ज्या जागी आरशात पट्टी दिसती ती पट्टी शेठजींच्या डोळ्यात जातीय. त्या पट्टीपुढं दोन इंचाची आडपट्टी लावा, एसीपीचा तुकडा चालंल, म्हणजे दिवा साजावर आणि पांढऱ्या सनमायक्यावर पडंल पण गादीवरनं थेट दिसायचा न्हाई. पट्ट्या उघड्या असतील तर वर दुधी डिफ्यूजर पण घाला.

आणि पॅनल जरा तिरकं करा. खालनं शेठजींच्या बाजूला सरकवा. ५ अंश कललं की प्रतिबिंब १० अंश सरकतं, एवढ्यात पण पुष्कळ फरक पडतो.

निवृत्त_फिजिक्स

कलवायची दिशा दुकानात बघूनच ठरवा, कागदावर नको. मागच्या बाजूला सुटेल आणि पुढच्या बाजूला छतावरचा दिवा नेमका गिऱ्हाइकाच्या डोळ्यात यायचा. पुढे तो रंगीत शेपटांचा त्रास उरलाय, तो पिक्सेलच्या रांगांमुळे. ४३ इंची फुल एचडी असेल तर पिक्सेल अर्ध्या मिलिमीटरचा, त्यात तीन रंग, इतक्या बारीक आणि नियमित रेघांवरून टिंबासारख्या दिव्याचा प्रकाश फाटून रंग पडतात, सीडीवर पडतात तसे. रेघा घालवता येत नाहीत, पण दिवा टिंबासारखा नसला तर रंग एकमेकांत मिसळून जातात. ते दोन स्पॉटलाइट काढून पसरट पॅनल लाइट लावायला सांगा.

शोकेसवाला_कुपवाड

आडपट्टी लावली, वरच्या आणि डाव्या पट्टीला. शेठजींच्या बाजूची जाळी बारा आणे गेली, चार आणे आहे. पॅनल खालनं १५ मिलिमीटर मागं घेतलं, त्याच्यापुढं फ्रेम जाऊ देत नाही. स्पॉटलाइट काढायला शेठजी तयार नाहीत, म्हणतात स्पॉटशिवाय सोन्याला तेज येत नाही. मग आम्ही ते दोन स्पॉट पेटीच्या समोरनं काढून बाजूच्या काउंटरवर वळवले, दोघांचं पण समाधान.

एक शेवटचं. त्या कोपऱ्यात सनफिल्म लावली होती ना, ती काढली पण तिचा चिकट डाग राहिलाय, आता तो कोपरा मागं गेलाय, शेठजींच्या अंगाला, पण आहे तो आहेच. वर्कशॉपमध्ये थिनर आहे, त्यानं पुसू का?

टीव्ही_पोवईनाका

थिनर नको!!! हात पण लावू नका. ॲसिटोन पण नको. वरती दिसती ती काच न्हाई, पोलरायझरची प्लास्टिक फिल्म हाय, थिनरनं ढवळी पडती आणि मग तो डाग जन्मभर ऱ्हातो. मऊ कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, पॅनलवर ओतायचं न्हाई, कापड नुसतं ओलसर करायचं, दाब न देता एकाच दिशेनं पुसत ऱ्हावा, पाच-सहा वेळा लागतील. कडेच्या फ्लेक्सपाशी थेंब जाऊ देऊ नका. पॅनल बंद करून, आणि गार झाल्यावर.

आधी_भडंग

आणि पोराला भेळ परत घाला, फ्लेक्स न तोडता पॅनल फिरवलंय त्यानं.